फर्मवेअर टूल विचारतंय : तुम्ही नक्की रेड हॅटच ना?

रॅकमागचा_उंदीर
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही रडगाणं घेऊनच.

आमच्याकडे २६ सर्व्हर आहेत, सगळे एकाच कंपनीचे, तीन वेगवेगळ्या पिढ्यांचे. परवापरवापर्यंत सगळ्यांवर सेंटओएस ७ (रेड हॅटच्या लिनक्सची फुकट आवृत्ती) होतं. (हो, ३० जून २०२४ ला त्याचं आयुष्य संपलं हे माहीत आहे. कृपया त्यावर प्रवचन नको, ते ऑफिसात ऐकून झालंय.) आता रॉकी ९ वर (तशीच दुसरी फुकट आवृत्ती) नेतोय, ११ झाले. ॲप्लिकेशनं मस्त चालतात. अडलंय ते सर्व्हरवाल्याच्या टूल्सपाशी :

१. रेडचं (अनेक डिस्कांची जोडणी सांभाळणाऱ्या RAID चं, रेड हॅटचं नव्हे) कमांडलाइन टूल एकदम व्यवस्थित.
२. त्यांची रेपो (पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) जोडली तर पॅकेजं तपासायची चावीच आत घेत नाही, सहीवरून काहीतरी कुरकुर करते.
३. फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचं टूल सुरू होताच 'ही ऑपरेटिंग सिस्टम समर्थित नाही' म्हणतं आणि बंद पडतं. हेच टूल सेंटओएस ७ वर वर्षानुवर्षं चाललं!

प्रश्न : इटीसीमधली, ओएसचं नाव सांगणारी रेडहॅट-रिलीज फाइल बदलून 'मी रेड हॅटच' म्हणून सांगावं का? अल्मावर (रॉकीचंच भावंड) गेलो तर फरक पडेल का? की सरळ रेड हॅटची सबस्क्रिप्शनं घ्यायची? साहेबांना उत्तर शुक्रवारी द्यायचंय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, अजून त्यांच्याशीच संसार करायचाय.

निवांत_पाटी
रुमाल टाकून ठेवतो.

टर्मिनलतात्या
एवढं काय त्यात? फाइल बदला, टूल चालवा, फाइल परत पूर्ववत करा. मी सात वर्षं हेच करतोय. आत बायनरी तीच, ग्लिबसी (मूळ सी लायब्ररी) तोच, कर्नलही त्याच सोर्सवरून बांधलेला. टूल फक्त नाव वाचतं. गेटवरचा शिपाई ओळखपत्र बघतो, माणूस बघत नाही.

रूटमावशी
तात्या, 'परत पूर्ववत करा' हे तुम्ही जितक्या सहज लिहिलंत तितकं ते होत नाही ना!

आमच्याकडे एका मुलाने हेच केलं. फक्त रेडहॅट-रिलीजच नाही, ओएस-रिलीजमधली आयडीची ओळसुद्धा 'आरएचईएल' (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) केली आणि विसरला. तीन आठवड्यांनी अँसिबलचा (सगळ्या सर्व्हरांवर आपोआप सेटिंग लावणाऱ्या टूलचा) रन लागला. त्या मशीनला अँसिबलने रेड हॅट समजून सबस्क्रिप्शन मॅनेजरची कामं सुरू केली, ती फसली, पुढची सगळी कामं अडली, आणि त्यात फायरवॉलचे नियम अर्धेच लागले. रविवारची दुपार गेली. कारण सापडलं तेव्हा तो मुलगा शांतपणे म्हणाला, 'हां, ते मीच केलं होतं.'

आणखी एक. रॉकीवर रेडहॅट-रिलीज ही स्वतंत्र फाइल नसतेच, रॉकी-रिलीजकडे जाणारी सिमलिंक (नुसता दुवा) असते. तिच्यात काही लिहिलंत की मूळ फाइलच बदलते, आणि पुढचं पॅकेज अपडेट आलं की तुमचा बदल गायब. म्हणजे विसरलात तरी गोची, नाही विसरलात तरी गोची.

सेगफॉल्ट_सदाशिव
> 'हां, ते मीच केलं होतं.'

असा मुलगा प्रत्येक ऑफिसात एक असतोच. आमच्याकडचा मीच आहे.

कर्नलकाका
खोटं बोलायचंच असेल तर फक्त त्या टूलपुरतं बोला. 'अनशेअर' कमांडने वेगळं माउंट नेमस्पेस (फाइलींचं स्वतंत्र दृश्य) उघडा, त्या शेलमध्ये रेडहॅट-रिलीजवर तुमची बनावट फाइल बाइंड माउंट करा (वरून पांघरा), तिथूनच टूल चालवा. शेल बंद केलं की खेळ खलास. बाकी मशीनला काही कळत नाही, आणि रूटमावशींच्या मुलाला विसरायला काही शिल्लकच राहत नाही.

अवांतर : ओरॅकल लिनक्सवर हा उद्योग लागतच नाही. तिथे रेडहॅट-रिलीज फाइल मुळातच 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स' म्हणते आणि खरी ओळख ओरॅकल-रिलीज नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये असते. त्यांनी खोटं बोलायचं काम आधीच करून ठेवलंय.

टर्मिनलतात्या
काका, हे आवडलं. वाचनखूण साठवली. मावशी, मी कधीच विसरलेलो नाही. (एकदा विसरलो होतो.)

हमीपत्र
मूळ मुद्दा जरा बाजूला पडतोय. 'चालत नाही' आणि 'चालण्याची हमी देत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते टूल दोन्हीसाठी एकच वाक्य फेकतं.

सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्या ठराविक ऑपरेटिंग सिस्टमांवर आपली हार्डवेअर तपासून घेतात. यादीत सहसा आरएचईएल आणि सूस असतात, उबुंटू असते, विंडोज आणि व्हीएमवेअर असतात. रॉकी-अल्मा काहींच्या यादीत आहेत, काहींच्या नाहीत, आणि असल्या तरी ठराविक टूलपुरत्या किंवा ठराविक पिढीपुरत्या. यादीत नाव नाही म्हणजे बिघडेल असं नाही. बिघडलं तर फोनवर कोण असेल, एवढाच त्याचा अर्थ.

आता फोनचा अनुभव. डिस्क गेली, पॉवर सप्लाय गेला, मेमरी एरर आल्या, तेव्हा आम्हाला कुणी ओएस विचारलंच नाही. व्यवस्थापन चिपमधला लॉग पाठवला, दुसऱ्या दिवशी पार्ट हजर. पण एकदा नेटवर्क कार्ड दर काही तासांनी लिंक सोडत होतं. तिथे मात्र पहिलंच वाक्य : 'समर्थित ओएसवर हीच अडचण दाखवा, मग पुढे बोलू.' म्हणजे जिथे ड्रायव्हर, फर्मवेअर आणि ओएस तिघे एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, तिथे यादीचा प्रश्न येतो.

आम्ही तेव्हापासून प्रत्येक पिढीच्या एका मशीनसाठी आरएचईएल घातलेली एक डिस्क वेगळी ठेवली आहे. रेड हॅटची वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन १६ सिस्टमांपर्यंत फुकट असते, पण ती व्यक्तीच्या नावावर, कंपनीच्या नाही. म्हणून आम्ही त्या मोजक्या मशीनांसाठी रीतसर विकतच घेतली. २६ ची गरज नाही, धागाकर्त्यांनी साहेबांना हेच सांगावं.

मध्यरात्रीचा_कॉल
हमीपत्र यांच्याशी बरंचसं सहमत. पण 'टूल फक्त नाव वाचतं' या तात्यांच्या वाक्याला माझा ठाम विरोध. कधी कधी त्या नावामागे खरं कारण असतं.

आरएचईएल सात वरून आठवर जाताना रेड हॅटने बऱ्याच जुन्या स्टोरेज कार्डांची ओळख ड्रायव्हरमधून काढून टाकली. ड्रायव्हरचं नाव तेच, मेगारेड-एसएएस किंवा एमपीटी३एसएएस, पण आतल्या यादीतून जुन्या कार्डांचे पीसीआय आयडी गायब. एसएएस२००८ चिपची कार्डं त्यातलीच. मी रात्री इन्स्टॉलर चालू केला, डिस्क निवडायच्या पानावर आलो, आणि तिथे एकही डिस्क नाही! केबल काढून घातली, कार्ड काढून घातलं, दुसरा स्लॉट बघितला. दोन तास. कार्ड धडधाकट होतं, फक्त कर्नल त्याला ओळख द्यायला तयार नव्हता.

सुटका एलरेपोने (आरएचईएलसाठी जादा ड्रायव्हर देणाऱ्या रेपोने) केली. त्यांची ड्रायव्हर अपडेट डिस्क इन्स्टॉलरला 'इन्स्ट डॉट डीडी'ने द्यायची आणि नंतर केमॉड (कर्नल मॉड्यूल) पॅकेज बसवायचं. सिक्युअर बूट (अनोळखी सहीचे ड्रायव्हर नाकारणारी सोय) चालू असेल तर त्यांची चावी मॉकमध्ये (मशीनमालकाच्या चाव्यांच्या यादीत) नोंदवावी लागते, नाहीतर पुढच्या बूटला पुन्हा डिस्क गायब.

धागाकर्त्यांच्या 'अल्मा की रॉकी' या प्रश्नाला इथेच एक खरंखुरं उत्तर आहे. अल्माने ९.४ पासून अशा बऱ्याच जुन्या कार्डांची ओळख कर्नलमध्ये परत घातली : एचपीएसए, मेगारेड-एसएएस, एमपीटी३एसएएस, क्यूएलए२एक्सएक्सएक्स, अशी बरीच. तीन पिढ्यांतली सर्वांत जुनी पिढी फार म्हातारी असेल तर अल्मा वाचवेल.

टर्मिनलतात्या
मान्य. पण ती अडचण कर्नलची झाली, टूलची नाही.

मध्यरात्रीचा_कॉल
रात्री दोन वाजता हा फरक फार महत्त्वाचा वाटत नाही, तात्या.

रॅकमागचा_उंदीर
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

आमची सर्वांत जुनी पिढी २०१३ ची आहे, झिऑन ई५ व्ही२. रॉकी ९ तिच्यावर बसलं, डिस्कही दिसल्या. म्हणजे तिथे सुटलो ना?

कर्नलकाका
नऊपुरते सुटलात. नऊला एक्स८६-६४-व्ही२ (प्रोसेसरच्या क्षमतेचा स्तर) पुरतं, ते तुमच्याकडे आहे. पण दहाला व्ही३ लागतं, म्हणजे एव्हीएक्स२ वगैरे, आणि ते झिऑन ई५ मध्ये व्ही३ पासून आलं. तुमच्या ई५ व्ही२ वर आरएचईएल १० चालणारच नाही, तिथे कुठलीही फाइल बदलून उपयोग नाही. (ई५ व्ही२ मधला व्ही२ आणि एक्स८६-६४-व्ही२ मधला व्ही२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ज्याने ही नावं ठेवली त्याला दंडवत.) अल्मा १० मात्र व्ही२ साठी वेगळी आवृत्ती काढतं.

सेगफॉल्ट_सदाशिव
म्हणजे प्रोसेसर व्ही२, त्याचा स्तरही व्ही२, ओएस व्ही३ मागणार, आणि साहेब विचारणार 'व्ही कुठे अडकलोय?'

पायथन_दोन_अमर_रहे
मुद्दा २ कुणी घेतलाच नाही. रेपोची चावी. त्याचं उत्तर ठरलेलं आहे : शा-१ (सहीसाठीची जुनी, आता कच्ची मानली जाणारी हॅश पद्धत).

नऊपासून डीफॉल्ट क्रिप्टो पॉलिसीत शा-१ वाल्या सह्या चालत नाहीत. बऱ्याच हार्डवेअरवाल्यांच्या जीपीजी चाव्या दहा-दहा वर्षं जुन्या, त्यांची स्वतःवरची सहीच शा-१ ची. त्यामुळे आरपीएम (पॅकेज बसवणारं टूल) चावी नाकारतं. यात रॉकीचा काही दोष नाही. खऱ्या आरएचईएल ९ वरही हेच होतं, लाखाची सबस्क्रिप्शनं घेतली तरी होतं.

लोक 'अपडेट-क्रिप्टो-पॉलिसीज'ने डीफॉल्टला शा१ जोडतात आणि तसंच सोडून देतात. तसं सोडू नका, त्याने अख्ख्या मशीनची पॉलिसी सैल होते. आधी बघा कंपनीने नवीन चावी काढली आहे का. नसेल तर एका वेगळ्या मशीनवर पॅकेजं उतरवून जुन्या चावीने तपासा, मग आपल्या अंतर्गत रेपोत आपल्या चावीने सही करून ठेवा. सर्व्हरांनी तिथूनच घ्यायचं. एकदाचं काम आहे.

टोपणनावाबद्दल : हो, आठपासून नुसती 'पायथन' कमांड आपोआप मिळेलच असं नाही, आणि त्या कंपन्यांच्या निम्म्या स्क्रिप्टा अजून तिलाच हाक मारतात. मी दुःखात आहे.

रूटमावशी
हे फार उपयोगाचं. आणि याच चालीवर एक : स्वतः उलगडणाऱ्या ज्या बिन फाइली असतात, त्या टेंपमध्ये उलगडतात. सुरक्षावाल्यांनी टेंपला नोएक्झेक (तिथून काही चालवायला मनाई) लावलेलं असतं. मग रूट असूनही 'परवानगी नाही' असं येतं आणि माणूस एसईलिनक्सला (लिनक्सच्या कडक सुरक्षारक्षकाला) शिव्या देत बसतो. बिचाऱ्या एसईलिनक्सचा त्यात काहीच हात नसतो.

सेगफॉल्ट_सदाशिव
एसईलिनक्सचा काहीच हात नव्हता, असं वाक्य पहिल्यांदाच वाचलं. फ्रेम करून लावतो.

डबा_बंद
तुम्ही लोक फाइली बदलता, माउंट चढवता. कंटेनर (स्वतःच्या लायब्ररी घेऊन चालणारा बंद डबा) वापरा की.

रेड हॅटची यूबीआय (कंटेनरसाठीची पायाभूत) इमेज कुणालाही फुकट घेता येते. तिच्या आतली रेडहॅट-रिलीज खरोखरच 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स' सांगते, त्यामुळे खोटं बोलायचा प्रश्नच नाही. पॉडमनला (कंटेनर चालवणाऱ्या टूलला) प्रिव्हिलेज्ड द्या, देव्ह आणि सिस आत जोडा, टूल आत बसवा. ड्रायव्हर होस्टच्या कर्नलचाच, लायब्ररी यूबीआयच्या. जुनं टूल ओपनएसएसएल १.१ मागत असेल तर यूबीआय ८ घ्या. होस्टवर एकही भलतं पॅकेज जात नाही. आमच्याकडे रेडची दोन टूलं आणि माहिती गोळा करणारं एक, सगळी अशीच चालतात.

हमीपत्र
वाचणाऱ्या टूल्ससाठी उत्तम. पण फर्मवेअर लिहायला कंटेनर? मध्येच पॉडमनला मारलं, मेमरीची मर्यादा लागली, टूलने स्वतःहून रीबूट मागितला आणि कंटेनरात तो झालाच नाही, तर कार्ड अर्धवट फ्लॅश झालेलं राहील. धीर होणार नाही माझा.

डबा_बंद
लिहिण्यासाठी मीही वापरत नाही. प्रतिसादात 'माहिती गोळा करणारं' हे मुद्दाम लिहिलं होतं.

हमीपत्र
मग सहमत. घाईत वाचलं.

निवांत_पाटी
दोन आयडी आंतरजालावर सहमत झाले. तारीख नोंदवून ठेवा.

जुना_बीएमसी
एवढी चर्चा झाली, पण कुणी हे विचारत नाही की फर्मवेअर अपडेट करायला ओएस हवीच कशाला?

प्रत्येक सर्व्हरच्या बोर्डावर व्यवस्थापनाची वेगळी चिप असते. डेलची आयड्रॅक, एचपीईची आयएलओ, लेनोवोची एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, सुपरमायक्रोची साधी बीएमसी. ओएस बंद असली तरी ती जागी असते. १९९८ पासून आयपीएमआय (या चिपशी बोलायचा प्रोटोकॉल) होतं, पण त्यात फर्मवेअर बदलण्याची एकसारखी सोय नव्हती, जो तो आपापल्या पद्धतीने करायचा. म्हणूनच होस्टवर टूल बसवायची सवय लागली. २०१५ मध्ये डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने रेडफिश आणलं : एचटीटीपीएस आणि जेसन, बास. कर्लने बोलता येतं. अपडेट सर्व्हिसला 'सिंपल अपडेट' सांगायचं, फर्मवेअरच्या फाइलचा पत्ता द्यायचा, आणि चिप स्वतः फाइल घेऊन बसवते. बायोससारखी अपडेटं रीबूटपर्यंत रांगेत थांबतात. होस्टवर रॉकी आहे, डेबियन आहे की रिकामी डिस्क, तिला पर्वा नाही.

आमचे ओएसचे तीन संसार आहेत आणि फर्मवेअरची एकच अँसिबल प्लेबुक. ओएसमधून फर्मवेअर लिहिणं आम्ही बंदच केलं.

मध्यरात्रीचा_कॉल
ऐकायला गोड. पण १) जुन्या पिढीत रेडफिश असतं नसतं, असलं तरी लंगडं. २) काही कंपन्या चांगल्या सोयी वरच्या लायसन्समागे ठेवतात. ३) कितीतरी ठिकाणी व्यवस्थापनाच्या पोर्टला केबलच लावलेली नसते! ४) काही कार्डांचं फर्मवेअर चिपमार्फत जातच नाही, विशेषतः कंपनीच्या यादीबाहेरून घेतलेली नेटवर्क कार्डं आणि डिस्का.

जुना_बीएमसी
चारही खरं. तिसऱ्याला औषध एक केबल. पण ती व्यवस्थापनाच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये (अलग काढलेल्या नेटवर्कमध्ये), इंटरनेटकडे चुकूनही नाही. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन होण्याआधीच पासवर्डचा हॅश समोरच्याला मिळतो, तो प्रोटोकॉलचाच दोष आहे. अपडेटने जात नाही. रेडफिश सुरू झालं की लॅनवरून आयपीएमआय बंद करून टाका.

कर्नलकाका
यावरून आठवलं. मेगासीएलआय नावाचं रेडचं जुनं टूल होतं. कर्नल २.६ वरून ३ वर गेला तेव्हा ते गडबडलं, कारण ३ ने सुरू होणारा आकडा त्याने कधी पाहिलाच नव्हता. उपाय काय, तर 'सेटआर्च'ला सांगायचं की याला कर्नल २.६ असल्याचं दाखव. मग निमूट चालायचं. तेव्हा कर्नलचं वय चोरलं, आता ओएसचं नाव चोरतोय. परंपरा जुनी आहे, तात्या.

टर्मिनलतात्या
मी परंपरेचा पाईक आहे.

भोवरा
डेबियनवाला मध्येच तोंड घालतोय, हलके घ्या. आमच्यासाठी एचपीई 'मॅनेजमेंट कंपोनंट पॅक' नावाची वेगळी रेपो देतं, त्यात एसएसएसीएलआय (त्यांचं रेडचं टूल) वगैरे डेब (डेबियनच्या पॅकेज) स्वरूपात मिळतं. (त्या टूलचं नाव आधी एचपीएसीयूसीएलआय, मग एचपीएसएसएसीएलआय, आता एसएसएसीएलआय. प्रत्येक वेळी मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टा मोडल्या.) नुसती डिस्कची तब्येत बघायची असेल तर कंपनीचं टूल लागतही नाही. स्मार्टसीटीएलला 'मेगारेड' किंवा 'सीसीआयएसएस' प्रकार आणि डिस्कचा क्रमांक दिला की कंट्रोलरच्या मागची डिस्क बोलते.

पायथन_दोन_अमर_रहे
पण रेडचा ॲरे डिग्रेड झाला का, हे स्मार्टसीटीएल सांगणार नाही. तिथे कंपनीचं टूल हवंच.

भोवरा
हो, ते राहिलं. दुरुस्ती मान्य.

रॅकमागचा_उंदीर
आठवड्याने परत आलोय, हिशोब द्यायला.

चावी : शा-१ च निघाली. कंपनीच्या साइटवर नवी चावी होती, रेपोच्या फाइलमध्ये पत्ता मात्र जुन्याच चावीचा. बदलला, झालं.

फर्मवेअर : दोन नव्या पिढ्यांची १७ मशीनं रेडफिशवरून अपडेट केली. पैकी पाचांना व्यवस्थापनाची केबलच नव्हती, मध्यरात्रीचा_कॉल यांना सलाम. एका मशीनवर नेटवर्क कार्डाचं अपडेट 'यशस्वी' म्हणालं आणि आवृत्ती जुनीच राहिली. वीज पूर्ण काढून परत दिल्यावर नवी दिसली. नुसत्या रीबूटने नाही.

जुनी पिढी, ९ मशीनं : रेडफिश नाही. कर्नलकाकांचं अनशेअर वापरून टूल चालवलं, नावाची तपासणी पार केली, आणि पुढे ते एका लायब्ररीवर अडकलं जी नऊमध्ये नाहीच. म्हणजे तात्या अर्धे बरोबर, मध्यरात्रीचा_कॉलही अर्धे बरोबर. शेवटी हमीपत्र यांची वेगळी डिस्क. तिच्यावर जुनं आरएचईएल घालून एकेक मशीन त्यावर बूट केलं, अपडेट केलं, डिस्क काढली. नऊ मशीनं, दोन रात्री.

साहेबांना सांगितलं की सबस्क्रिप्शनं तीनच घेऊ, प्रत्येक पिढीला एक. ते म्हणाले, 'मग जुनी नऊ मशीनं ठेवायचीच कशाला?'

रूटमावशी
मग? काय सांगितलंत?

रॅकमागचा_उंदीर
बजेटची मीटिंग पुढच्या मंगळवारी आहे. तोवर त्या डिस्कवर मोठ्या अक्षरात 'काढू नये' असं लिहून कपाटात ठेवली आहे.

सेगफॉल्ट_सदाशिव
काढली असेल त्या मुलाने एव्हाना.